परदेशी प्रदर्शनाचा व्हिसा आणि आपला सातबारा



ऊस विकास खात्याकडे सभासद साधारणपणे चार गोष्टी विचारायला येतात. बेणे कधी मिळणार, लागणीची नोंद झाली का, तोड कधी येणार आणि बिल कधी पडणार. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात पाचव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, बाहेरच्या देशात यंत्रांचं प्रदर्शन आहे. बघून यावं म्हणतो. व्हिसा मिळंल का?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा आम्ही थोडे हसलो होतो, हे कबूल करतो. आता हसत नाही. मोशीचे किसान प्रदर्शन आपले सभासद नेमाने बघतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन येतात. तेथे परदेशी यंत्रांची माहितीपत्रके मिळतात, पोरे मोबाईलवर ती यंत्रे चालताना दाखवतात. मग चालते यंत्र समक्ष बघावे असे वाटणे साहजिक आहे. त्यातून तोडणीची टोळी मिळेना, मजूर मिळेना, उचल घेऊन माणसे येईनात, अशी स्थिती. यंत्र बघणे ही आता हौस राहिलेली नाही.

तेव्हा या प्रश्नाचे उत्तर एकदाचे नीट लिहून काढावे असे ठरवले. आम्ही काही वकिलातीतले जाणकार नव्हे. कृषि पदविका घेऊन बांधावर फिरणारी माणसे आहोत. परंतु कासार आंबोलीच्या एका सभासदांचे प्रकरण आमच्या टेबलावरून दोनदा गेले, एकदा फसले आणि एकदा जमले. त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

पासपोर्ट आपला, व्हिसा त्यांचा

प्रथम एक घोळ दूर करू. पासपोर्ट आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्ट आपले सरकार देते. त्याला १९६७ चा कायदा आहे, आणि कायद्यात सांगितलेल्या कारणाशिवाय तो नाकारता येत नाही. व्हिसा मात्र ज्या देशात जायचे त्याची परवानगी. आपल्या वस्तीवर कोणाला येऊ द्यायचे हे जसे आपण ठरवतो, तसे ते ठरवतात. म्हणून व्हिसा हा हक्क म्हणून मागता येत नाही. कागद दाखवून खात्री पटवून द्यावी लागते.

युरोपातील बहुतेक देशांचा व्हिसा आता एकच आहे. त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातील मोझेल नदीकाठचे, द्राक्षमळ्यांचे एक लहान गाव. तेथे १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपापसातील सीमांवरची तपासणी उठविण्याचा करार केला, म्हणून हे नाव पडले. आज त्यात २९ देश आहेत. एका देशाने व्हिसा दिला की बाकीच्यांतही जाता येते. अर्ज मात्र ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्याच देशाकडे करायचा असतो.

तात्यांचा पहिला अर्ज

कासार आंबोली हे पौड रस्त्यावरचे, पिरंगुटशेजारचे गाव आपल्या गटातल्या सर्वांना माहीत आहे. भाताची खाचरे, वर डोंगर, आणि पाणी पोहोचते त्या तुकड्यात ऊस. आपले हे सभासद तेथलेच. त्यांचे नाव छापणे बरे नव्हे, आपण त्यांना तात्या म्हणू. वय चोपन्न, शिक्षण नववी, सव्वादोन एकर ऊस, बाकी भात. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा एक ट्रॅक्टर. तात्या आणि शेजारचे चार शेतकरी मिळून अवजारे बँक काढायच्या विचारात होते. पाचट कुट्टी करणारे आणि मशागतीचे मोठे यंत्र घ्यायचे, आपले रान करायचे आणि गावात भाड्याने चालवायचे. रक्कम मोठी होती. पाच जणांच्या जमिनीवर बोजा चढणार होता.

तात्यांचे म्हणणे सरळ होते. "पाच घरांच्या नावावर कर्ज काढायचं, तर यंत्र आधी डोळ्यांनी बघितलं पायजे. कागदावर बघून बैल तरी कोन घेतो का?"

२०२४ साली युरोपातल्या एका देशात प्रदर्शन होते. तात्यांनी स्वखर्चाने जायचे ठरवले. पुण्यातला एक एजंट गाठला, फी भरली, बोटांचे ठसे दिले, आणि तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला. आत व्हिसा नव्हता. एक छापील फॉर्म होता.

तो फॉर्म घेऊन तात्या गट ऑफिसला आले. नेहमी आले की आधी पाणी मागतात, मग बोलतात. त्या दिवशी पाणी न पिताच कागद पुढे ठेवला. "साहेब, हे वाचा. शेजारचं पोरगं म्हनलं, यात लिवलंय की मी तिकडंच ऱ्हाईन म्हनून. माझा ऊस उभा, म्हातारी आई घरात, दावणीला जनावरं. मी तिकडं ऱ्हाऊन काय करू?"

आम्ही कागद वाचला. शेजारच्या पोराने बरोबर सांगितले होते. नकाराच्या छापील कारणांतील दोन चौकोनांत खूण होती. एक, प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाच्या अटी पटवून दिलेल्या नाहीत. दुसरे, व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्जदार परत जाईल याविषयी रास्त शंका आहे.

तात्यांना पैसे गेल्याचे दुःख नव्हते. त्यांना ही शंकाच लागली होती. ज्या माणसाने उभ्या जन्मात सोसायटीचा हप्ता चुकवला नाही, त्याला कोणी न बघता, न बोलता पळून जाणारा ठरवले, असे त्यांना वाटले. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी करणारा शेजारचा तोच मुलगा त्याच महिन्यात युरोपला जाऊन आला होता. "त्याच्याकडं एक गुंठा न्हाई आन् त्याला मिळाला. माझ्याकडं जमीन हाय आन् मला न्हाई. हे कसं?"

त्या वेळी आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्यांना म्हणालो, "तात्या, तुम्ही जोडलेले सगळे कागद उद्या घेऊन या. आपण बसू."

चूक कोठे झाली

दुसऱ्या दिवशी दोन तास बसलो. एकेक कागद उलटताना जे दिसले ते आम्ही मुद्दाम सविस्तर देतो, कारण आपल्यापैकी निम्म्या सभासदांच्या घरात हेच कागद याच अवस्थेत असतील.

एक. एजंटाने अर्जात जाण्याचे कारण "पर्यटन" असे लिहिले होते आणि सोबत प्रदर्शनाचे तिकीट जोडले होते. बोलतो एक आणि दाखवतो दुसरे, असे झाले. प्रदर्शन बघून यंत्राची खरेदी ठरवणे हे व्यावसायिक कारण आहे, तेच लिहायला हवे होते.

दोन. सातबारावर अजून तात्यांच्या वडिलांचे नाव. वडील २०१९ साली वारले, वारस नोंद केलेली नाही. तात्यांनी "माझी जमीन" म्हणून जो उतारा जोडला त्यात तात्यांचे नावच नव्हते.

तीन. गाव नमुना बारा, म्हणजे पिकाचे पान, कोरे. तात्यांनी ई-पीक पाहणी केलेली नव्हती. रानात पुरुषभर ऊस आणि उताऱ्यात काहीच नाही.

चार. ऊस नोंदही वडिलांच्याच नावे चालू. बिल आईच्या खात्यावर. कारखान्याचा सभासद क्रमांक वडिलांचा.

पाच. तात्यांच्या स्वतःच्या खात्यात वर्षभर चार-पाच हजारांवर शिल्लक नाही. एजंट म्हणाला, खात्यात पैसे दिसले पाहिजेत. म्हणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेव्हण्याकडून तीन लाख घेऊन भरले. बघणाऱ्याला काय दिसले? वर्षभर रिकामे खाते आणि एकाएकी तीन लाख. असे पैसे दाखवण्यापुरते आणलेले असतात हे तेथला कारकूनही ओळखतो.

सहा. आणि हे लिहिताना आम्हाला संकोच होतो. आमच्या खात्याचा दाखला. तात्यांनी मागितला तेव्हा तोडणी प्रोग्रॅमची गडबड होती. आम्ही दोन ओळी मराठीत लिहून शिक्का मारून दिला होता. "सदर इसम ऊस उत्पादक असून त्यांची वर्तणूक चांगली आहे." क्षेत्र नाही, टनेज नाही, तोडीची तारीख नाही. असल्या दाखल्यावर आपण तरी कोणाला उधारीवर बेणे दिले असते का?

सर्व कागद एका बाजूला ठेवले तर तात्या हे गावातले प्रतिष्ठित, कष्टाळू शेतकरी. परंतु कागदावरचे तात्या म्हणजे जमीन नसलेला, पीक नसलेला, उत्पन्न नसलेला, उसने पैसे घेऊन सहलीला निघालेला माणूस. ज्याने निर्णय केला त्याच्यापुढे कागदावरचेच तात्या होते. तो कासार आंबोलीला येऊन रान बघणार नव्हता. त्याच्यावर आम्ही रागावलो होतो, पण तो राग त्या दिवशी आमच्याकडेच वळला.

शेतकऱ्याची रजा कोण मंजूर करणार?

आता हिंजवडीच्या मुलाचा प्रश्न. त्याला व्हिसा का मिळाला? त्याच्याकडे तीन कागद असतात. दर महिन्याची पगाराची चिठ्ठी, आयकराचे विवरणपत्र, आणि कंपनीचे पत्र की या माणसाची अमुक ते अमुक तारखेपर्यंत रजा मंजूर आहे, त्यानंतर तो कामावर हजर होईल. तिसऱ्या कागदात सगळे आले. माणूस परत का येईल? कारण त्याची खुर्ची येथे आहे.

शेतकऱ्याला पगाराची चिठ्ठी नाही. शेतीचे उत्पन्न आयकरातून माफ असल्याने बहुतेकांचे विवरणपत्र नाही. आणि रजा? शेतकऱ्याची रजा कोण मंजूर करणार?

विचार करता करता असे लक्षात आले की आपल्या सभासदाची खुर्ची म्हणजे त्याचा उभा ऊस. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये केली की सोळा ते अठरा महिने ती रानात असते. तिची तोड कारखान्याच्या नोंदीप्रमाणे ठरलेल्या पंधरवड्यात येते. त्या वेळी मालक बांधावर लागतो. टोळीला रान दाखवायचे, वजनाच्या पावत्या घ्यायच्या, वाढे कोणाला द्यायचे ते सांगायचे, खोडव्याची तयारी करायची. ज्याचे दोन-तीन लाखांचे पीक ठरल्या तारखेला तुटणार आहे, त्याच्याकडे परत येण्याचे जे कारण आहे ते पगारदाराहून कमी नाही. फक्त ते त्याला कोणी लिहून दिलेले नसते. ते लिहून देण्याची जागा एकच. आपला कारखाना.

पैशाचेही तसेच. सामान्यतः अर्जासोबत मागील काही महिन्यांचा बँकेचा उतारा मागतात. पगारदाराचा कोणत्याही तीन महिन्यांचा उतारा सारखाच दिसतो. ऊस शेतकऱ्याचे तसे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दर द्यायचा असतो, म्हणजे रक्कम एकरकमी आणि हंगामात येते. नोव्हेंबरच्या प्रदर्शनासाठी सप्टेंबरात अर्ज केला तर मागचे तीन महिने हे शेतकऱ्याचे सर्वात कडकीचे महिने. त्याच काळात लागणी, खते, भाताची लावणी. म्हणून तीन महिन्यांचा उतारा देऊन थांबू नये. पूर्ण वर्षाचा द्यावा, आणि बिलाची रक्कम जेथे जमा झाली आहे तेथे खूण करून त्या बिलाची प्रत जोडावी. म्हणजे मोठी रक्कम आली कोठून हे बघणाऱ्याला विचारावे लागत नाही.

दुसरा अर्ज

तात्यांनी लगेच दुसरा अर्ज केला नाही. आम्हीच थांबवले. आधी घर आवरू म्हणालो.

वारस नोंदीचा अर्ज झाला. ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना तलाठी म्हणत आलो त्यांच्याकडे, दोन-तीन खेपा झाल्या. बहिणींना बोलावून घेऊन सगळ्यांची नावे लागली. फेरफार मंजूर झाला. कारखान्यात शेअर तात्यांच्या नावे वर्ग झाला. ऊस नोंद त्यांच्या नावे झाली, पुढच्या बिलासाठी त्यांचे स्वतःचे खाते लागले. ई-पीक पाहणी त्यांच्या मुलाने मोबाईलवरून केली. आठवड्यासाठी नव्हे, वर्षभर हे काम चालले. या खटपटीत व्हिसाचा विषय मागे पडला होता आणि तात्यांच्या आई एकदा आम्हाला म्हणाल्या, "साहेब, त्ये परदेश ऱ्हाऊ द्या. पर पोरांची नावं लागली हे लई बरं झालं." खरे तर तेवढ्यासाठीही हा लेख लिहिला असता.

२०२५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत हॅनोव्हर येथे ॲग्रिटेक्निका प्रदर्शन होते. शेतीयंत्रांचे हे जगातले फार मोठे प्रदर्शन. १९८५ साली फ्रँकफुर्टला सुरू झाले, १९९५ पासून हॅनोव्हरला भरते, दर दोन वर्षांनी, विषम सालात. तात्यांनी पुन्हा मन केले. या वेळी एजंट नाही. मुलाने अर्ज भरला, आम्ही वाचून पाहिला.

कारण लिहिले, "शेतीयंत्रे पाहणे व खरेदीचा निर्णय करणे." सोबत प्रदर्शनाचे तिकीट, आणि पाचही भागीदारांच्या सह्यांचे एक पत्र की कोणते यंत्र बघायला यांना पाठवत आहोत आणि खर्च कसा वाटून घेतला आहे. सातबारा, आठ-अ, वर्षभराचा बँकेचा उतारा, बिलांच्या प्रती, सोसायटीचा बेबाकी दाखला. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर. त्यात एक चिठ्ठी की एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि आडसाली म्हणजे सोळा ते अठरा महिन्यांचे पीक. बघणाऱ्याला हे ठाऊक असेल असे धरून चालू नये.

आणि आमचा दाखला. या वेळी तो दोन ओळींचा नव्हता. सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, जात को ८६०३२, लागण तारीख १२ जुलै २०२४, अंदाजे टनेज, मागील तीन हंगामांत या क्षेत्रातून आलेला ऊस व अदा केलेली रक्कम, आणि तोडणी अपेक्षित डिसेंबर २०२५ चा दुसरा पंधरवडा. शेवटी एकच वाक्य, "तोडणीच्या काळात शेतमालकाची हजेरी आवश्यक असते." परत येण्याची हमी आम्ही दिली नाही. ती कारखाना देऊ शकत नाही आणि देऊ नये. आम्ही फक्त रानात काय उभे आहे ते लिहिले.

व्हिसा मिळाला. मोजक्याच दिवसांचा, पण मिळाला. पासपोर्ट घेऊन तात्या गट ऑफिसला आले, पाणी मागितले, प्यायले, आणि मग तो पुढे ठेवला.

जाऊन काय मिळाले

तात्या सहा दिवसांत परत आले. ज्या कुट्टी यंत्रावर पाच जणांचे मन बसले होते ते त्यांनी तेथे समक्ष पाहिले, वाकून खालूनही पाहिले. सोबतच्या एका मराठी पोराच्या मदतीने विचारले की याला ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा लागतो. उत्तर आले ते त्यांच्या पंचेचाळीसच्या जवळजवळ दुप्पट. माहितीपत्रकातही ते बारीक अक्षरात होते, इकडे कोणी वाचले नव्हते. यंत्र घेतले असते तर त्यामागे दुसरा ट्रॅक्टर घ्यावा लागला असता.

गावात येऊन त्यांनी भागीदारांना सांगितले, "यंत्र झकास हाय. आपल्यासाठी न्हाई." आता ते पाचजण आपल्याच ट्रॅक्टरला चालेल अशा लहान, देशी बनावटीच्या अवजाराचा विचार करीत आहेत. पाच घरांवर चढणारा बोजा चढला नाही. आमच्या मते तात्यांच्या फेरीची ही खरी कमाई.

डिसेंबरात टोळी आली तेव्हा तात्या बांधावर हजर होते. हे कोणाला कळवायचे नव्हते. आम्ही मात्र आमच्या डायरीत लिहून ठेवले.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी

हॅनोव्हरचे पुढचे प्रदर्शन नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. खास ऊस व साखर धंद्याचे मोठे प्रदर्शन ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातील सेर्ताओझिन्यो येथे दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास भरते, त्याचे नाव फेनासुक्रो. ब्राझीलचे नियम वेगळे आहेत, ते त्या वेळी विचारून घ्यावेत. शेंगेन व्हिसापुरते पुढील मुद्दे कापून ठेवावेत.

१) पासपोर्ट आधी काढा. तो मागील दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असावा, आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येऊ शकतो. तो काही ठराविक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, प्रदर्शन बघायला जाणाऱ्याने घाबरू नये. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो शेरा लागत नाही.

२) नाव सर्व कागदांवर एकच असू द्या. सातबारावर "बाळू", आधारवर "बाळासाहेब" आणि पासपोर्टवर तिसरेच, असे चालत नाही. हे दुरुस्त व्हायला महिने लागतात, म्हणून आजच बघा.

३) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, प्रसंगी पंचेचाळीस. अर्ज देण्यासाठी आधी तारीख घ्यावी लागते आणि हंगामात ती लवकर मिळत नाही. नोव्हेंबरला जायचे तर श्रावणातच कामाला लागा.

४) फी ९० युरो आहे, हा दर ११ जून २०२४ पासूनचा. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत नाहीत.

५) किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. विमानाचे आरक्षण दाखवावे, परंतु व्हिसा हाती येण्याआधी तिकिटात पैसे अडकवू नयेत.

६) बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते. अर्ज घेणारे केंद्र खाजगी कंपनीचे असते, ते फक्त कागद स्वीकारते. निर्णय वकिलातीचा. म्हणून "आपली आत ओळख आहे, हमखास काम करून देतो" असे म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

७) खोटा कागद जोडू नका. उसने पैसे खात्यात दाखवू नका. खर्च भाऊ किंवा मुलगा करणार असेल तर तसेच लिहा आणि त्याचा बँकेचा उतारा जोडा. नकार मिळाला तर त्याची नोंद त्यांच्या संगणकात पाच वर्षांपर्यंत राहते. लपवून उपयोग नाही. कारण वाचा, दुरुस्त करा, पुन्हा अर्ज करा. त्याला बंदी नाही.

८) राज्याच्या कृषि खात्याची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्याची योजना आहे. तिच्यात २०२५-२६ साली खर्चाच्या निम्मे, परंतु जास्तीत जास्त १ लाख रुपये, एवढे अनुदान होते. चालू वर्षाची स्थिती पौडला तालुका कृषि अधिकारी कार्यालयात विचारावी. योजनेत निवड झाली म्हणजे व्हिसा मिळाला असे मात्र नव्हे.

आणखी एक सांगतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेनचा नियम असा झाला आहे की तीन वर्षांत दोनदा व्हिसा घेऊन नियमाप्रमाणे वापरला, तर पुढे दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा, अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. आपल्या सोसायटीच्या पतीसारखेच हे आहे. वेळेवर भरणाऱ्याची मर्यादा वाढते. एक मुदत मोडून राहिला की त्याची पत तर जातेच, वर त्याच्यामागून अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याकडेही संशयाने बघितले जाते.

खात्यातर्फे

यापुढे परदेशी प्रदर्शनासाठी जाणाऱ्या सभासदास ऊस विकास खाते वर सांगितल्याप्रमाणे सविस्तर दाखला इंग्रजीत देईल. त्यासाठी मात्र ऊस नोंद सभासदाच्या स्वतःच्या नावे असली पाहिजे. मयत सभासदांच्या नावे अजूनही किती नोंदी चालू आहेत हे आम्ही रोज बघतो. व्हिसा तर सोडाच, पीक कर्ज, विमा, अनुदान, भावाभावांतील वाटणी, प्रत्येक ठिकाणी हाच काटा रुतणार आहे. परदेशी जायचे असो वा नसो, या पावसाळ्याआधी प्रत्येकाने आपला सातबारा, आठ-अ आणि बँकेचे पासबुक एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावे. नावे जुळतात का, पीक लागले आहे का, एवढे बघावे. जुळत नसेल तर गट ऑफिसला यावे. आपण बसू.

कळावे.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी